सुलिव्हान: एका आयरिश आडनावाची हजार वर्षांची वाटचाल

हेलन केलरच्या तळहातावर एकेक अक्षर लिहून तिला भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅन सुलिव्हान आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही माहीत असतात. उटीला जाऊन आलेल्यांनी जॉन सुलिव्हानचं नाव ऐकलेलं असतं. कोइमतूरचा हा कलेक्टर १८१९ साली निलगिरीच्या डोंगरांवर चढला आणि पुढे तिथे त्याने वस्ती उभी केली. बॉक्सिंगची आवड असलेल्यांना एकोणिसाव्या शतकातला जगज्जेता जॉन एल. सुलिव्हान आठवेल. अ‍ॅन मॅसॅच्युसेट्समधल्या एका खेड्यात जन्मल्या, कलेक्टर लंडनमध्ये आणि बॉक्सर बॉस्टनमध्ये. आडनाव मात्र तिघांचं एकच, आणि त्याचं मूळ आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला.

आयर्लंडमध्ये मर्फी आणि केली यांच्या खालोखाल हेच आडनाव. १८९० सालच्या जन्मनोंदी तपासल्या तेव्हा ते तिसऱ्या क्रमांकावर होतं आणि पाचातले जवळजवळ चार सुलिव्हान कॉर्क आणि केरी या दोनच काउंट्यांमध्ये जन्मले होते. एवढं मोठं आडनाव देशाच्या एकाच कोपऱ्यात का एकवटलं, आणि तिथून ते अमेरिकेतल्या ठरावीक शहरांतच इतक्या संख्येने का सापडतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

आडनावाचा इतिहास म्हटलं की घराण्याचं मानचिन्ह, ढाल, ब्रीदवाक्य हेच आधी पुढे केलं जातं. ते सगळं मूठभर सरदारांचं असतं. बाकीचे हजारो लोक त्या आडनावाचे शेतकरी, कोळी, खाणमजूर. मला त्यांची वाट जास्त महत्त्वाची वाटते: त्यांना कोणी हलवलं, ते कोणामागून गेले, आणि कुठे जाऊन टेकले. सुलिव्हानांच्या बाबतीत ही वाट चांगली स्पष्ट दिसते, कारण ते एकेकटे पांगले नाहीत. दर वेळी वस्त्याच्या वस्त्या एका दिशेने सरकल्या.

नाव आणि पहिली जमीन

आयर्लंडमध्ये आडनावं फार लवकर रुळली. युरोपात बहुतेक ठिकाणी माणूस स्वतःच्या आणि बापाच्या नावावर भागवत होता त्या काळात, दहाव्या-अकराव्या शतकात, आयरिश घराणी एखाद्या नावाजलेल्या पूर्वजाचं नाव पिढ्यान्‌पिढ्या लावू लागली. 'मॅक' म्हणजे मुलगा. 'ओ' म्हणजे नातू, वंशज. आपल्याकडे सातारकर म्हटलं की गाव कळतं, तिथे ओ'नील किंवा ओ'ब्रायन म्हटलं की मूळ पुरुष कळतो. आयरिश भाषेत स्त्रियांना 'ओ' लागतही नाही. मुलगी 'नी' लावते आणि लग्न होऊन आलेली 'ई'. इंग्रजी कागदपत्रांत हे भेद पुसले गेले.

ओ'सुलिव्हान, आयरिश उच्चाराप्रमाणे साधारण 'ओ सूलेवॉन', म्हणजे सूलेवान नावाच्या पुरुषाचे वंशज. हा साधारण दहाव्या शतकातला, दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांतावर राज्य केलेल्या ओगनाख्त राजकुळातला. नावातला 'सूल' म्हणजे डोळा, एवढं नक्की. पुढच्या भागाचा अर्थ कोणी काळ्या डोळ्यांचा लावतं, कोणी एका डोळ्याचा, कोणी ससाण्याच्या नजरेचा. अभ्यासकांचं त्यावर एकमत झालेलं नाही.

घराण्याचं मूळ ठाणं समुद्राजवळ नव्हतंच. ते होतं टिपरेरीतल्या नॉकग्राफनला, शूर नदीच्या काठी, कॅशेलच्या प्रसिद्ध खडकापासून फार दूर नाही. हा आयर्लंडमधला सर्वांत कसदार पट्टा. गवत मुबलक, दुभती जनावरं भरपूर. अशी जमीन कोणाच्याही डोळ्यांत भरणार. ११६९ साली इंग्लंडवर राज्य करणारे नॉर्मन सरदार आयर्लंडमध्ये उतरले आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत एकेक सुपीक खोरं त्यांच्या हाती गेलं. ११९२ साली त्यांनी नॉकग्राफनला गढी बांधल्याची नोंद जुन्या आयरिश बखरींमध्ये आहे. त्या गढीसाठी रचलेला मातीचा उंच ढिगारा आजही तिथे उभा आहे.

सुलिव्हान आणि त्यांचे नातेवाईक-सत्ताधीश मॅकार्थी असे दोघेही नैर्ऋत्येकडे सरकत गेले. समोर केरी आणि पश्चिम कॉर्कचे डोंगर, दलदल आणि अटलांटिकमध्ये बोटांसारखे घुसलेले भूभाग. नॉर्मन घोडेस्वारांना या मुलखात फारसा रस नव्हता, म्हणून तो त्यांना मिळाला. आज सगळे सुलिव्हान केरी आणि कॉर्कचे समजले जातात ते या ढकलाढकलीमुळे.

नव्या मुलखात घराण्याच्या दोन पात्या झाल्या. थोरली पाती ओ'सुलिव्हान मोर. तिचा किल्ला केनमेअरच्या खाडीवर डनकेरनला. मॅकार्थींचा नवा प्रमुख गादीवर बसताना त्याच्या हाती पांढरी काठी देण्याचा मान या पातीचा. दुसरी पाती ओ'सुलिव्हान बेअर, दक्षिणेकडच्या बेअरा द्वीपकल्पावरची. तिचं मुख्य ठाणं डनबॉय. थोरल्या पातीतून आणखी एक फांदी फुटली आणि तिने तर वेगळंच आडनाव घेतलं, मॅकगिलिकडी. आयर्लंडमधली सर्वांत उंच डोंगररांग, जिच्यात १,०३८ मीटर उंचीचं कॅरनटूहिल शिखर आहे, ती या फांदीच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे सुलिव्हानांचे सगळेच भाऊबंद आज सुलिव्हान म्हणवत नाहीत.

शेतीला जमीन थोडी असली तरी बेअराच्या पातीला समुद्राने तारलं. या किनाऱ्यावर हेरिंगसारखी मासळी विपुल होती. स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रज मच्छिमारांच्या बोटी तिथे यायच्या. बंदरात थांबायचं, मासे खारवायला किनारा वापरायचा, तर डनबॉयच्या सरदाराला पट्टी द्यावी लागे. लोकर आणि कातडी बाहेर जात, दारू आत येई. स्पेन या लोकांना परका नव्हता, आणि हे पुढच्या घडामोडींसाठी लक्षात ठेवायला हवं.

भाऊबंदकी, आणि मग युद्ध

१५६३ साली बेअराचा प्रमुख मारला गेला तेव्हा त्याचा मुलगा डोनाल अगदीच लहान होता. आयरिश रिवाजात गादी थोरल्या मुलालाच मिळावी असा नियम नव्हता. कुळातला कर्ता, लढता पुरुष निवडला जाई. त्याप्रमाणे डोनालचा चुलता ओवेन गादीवर आला. त्याने इंग्लंडच्या राणीशी जमवून घेतलं, 'सर' झाला. डोनाल मोठा झाल्यावर त्याने १५८७ साली इंग्रज दरबारी अर्ज केला, की इंग्रजी कायद्याप्रमाणे वारसा बापाकडून मुलाकडे जातो, तेव्हा गादी माझी. खटला काही वर्षं चालला. १५९३ साली वाटणी झाली: डनबॉय आणि बेअरा डोनालला, बँट्री आणि व्हिडी बेट ओवेनकडे.

इंग्रजी कायद्याचा आधार घेऊन गादी मिळवलेला हाच डोनाल 'काम' (हे त्याचं टोपणनाव) ओ'सुलिव्हान बेअर नंतर इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. उत्तरेतल्या ह्यू ओ'नीलने पेटवलेलं नऊ वर्षांचं युद्ध तेव्हा शेवटाकडे आलं होतं. १६०१ च्या सप्टेंबरात स्पॅनिश फौज मदतीला किन्सेल बंदरात उतरली, पण डिसेंबरात आयरिश सैन्याचा तिथे दाणादाण पराभव झाला. ओवेनची मुलं इंग्रजांच्या बाजूला राहिली. सुलिव्हान म्हणजे एकजूट बंडखोर कुळ असं चित्र नंतरच्या काळात रंगवलं गेलं; ते खरं नाही. दोन्ही छावण्यांत त्याच आडनावाचे लोक होते.

१६०२ च्या जूनमध्ये मन्स्टरचा इंग्रज अधिकारी जॉर्ज कॅरू तोफा घेऊन डनबॉयवर आला. किल्ल्यात १४३ माणसं होती. डोनाल स्वतः त्या वेळी आत नव्हता. भिंती कोसळल्यावर तळघरापर्यंत लढाई झाली. किल्लेदार रिचर्ड मॅकगेगनने जखमी अवस्थेत दारूच्या पिंपांना आग लावायचा प्रयत्न केला आणि तिथेच मारला गेला. जे जिवंत हाती लागले त्यांतल्या बहुतेकांना फाशी दिलं गेलं. त्याच सुमारास जवळच्या डर्झी बेटावर आसऱ्याला गेलेल्या बायका-मुलांचीही कत्तल झाली.

यानंतर जे घडलं ते आयरिश शाळांमध्ये आजही शिकवलं जातं. ३१ डिसेंबर १६०२ ला डोनाल ग्लेनगॅरिफहून सुमारे हजार माणसं घेऊन निघाला. त्यांत चारशेच्या आसपास लढवय्ये. उरलेले म्हातारे, बायका, पोरं, नोकर. जायचं होतं उत्तरेला, लीट्रिममधल्या ओ'रूर्क सरदाराच्या आश्रयाला. अंतर सुमारे चारशे किलोमीटर, भर हिवाळा, आणि वाटेत जवळजवळ प्रत्येक मुलूख वैऱ्याचा किंवा वैऱ्याला भिणाऱ्याचा. अन्नासाठी गावं लुटावी लागत, आणि लुटलेली गावं पाठीवर येत.

शॅनन नदीवर ते अडकले. सगळ्या होड्या शत्रूने हलवून ठेवलेल्या. तेव्हा डर्झीचा वृद्ध डर्मट ओ'सुलिव्हान पुढे झाला. झाडाच्या लवचिक फांद्या जमिनीत रोवून, वाकवून त्याने सांगाडा करून घेतला. घोडे मारले, मांस भुकेल्या माणसांनी खाल्लं आणि अकरा घोड्यांची कातडी त्या सांगाड्यावर ताणून शिवली. बेअराचे कोळी अशाच कातड्याच्या होड्या वापरत, फक्त ही बरीच मोठी होती. दुसऱ्या एका टोळीने घाईत बांधलेली लहान होडी माणसांसकट बुडाली. डर्मटची होडी मात्र खेपा करत राहिली. माणसं बसायची आणि उरलेले घोडे मागून पोहायचे. शेवटच्या खेपा चालू असताना मागच्या काठावर हल्ला झालाच.

दोन आठवड्यांनी ते लीट्रिमला पोचले तेव्हा उरले होते ३५ जण: अठरा हत्यारबंद, सोळा मोतद्दार नि नोकर, आणि एक स्त्री. गळालेले सगळेच मेले असं मात्र नाही. काही मागे पडले, काही वाटेतल्या गावांमध्ये लपले आणि तिथेच राहिले. आज बेअरापासून लीट्रिमपर्यंत आणि पुढेही याच मार्गावर पायी जाण्याची लांबलचक वाट आखलेली आहे.

हे सगळं इतक्या बारकाईने कळतं ते डर्मटचा मुलगा फिलिप ओ'सुलिव्हान बेअर याच्यामुळे. फिलिप लहान असताना त्याला स्पेनला पाठवलं गेलं होतं. त्याने बापाकडून आणि इतर वाचलेल्यांकडून ऐकलं आणि लॅटिनमध्ये आयर्लंडचा इतिहास लिहिला. १६२१ साली तो लिस्बनमध्ये छापला गेला. तो एका बाजूचा आहे, रागाने लिहिलेला आहे, आणि तरीही त्याची किंमत मोठी आहे. हरलेल्यांच्या बाजूने लिहिलेला आणि छापलेला असा दस्तऐवज क्वचितच मिळतो.

डोनालला माफी मिळाली नाही. तो स्पेनला गेला. राजा तिसऱ्या फिलिपने त्याला सरदारकी आणि तनखा दिला. १६१८ साली माद्रिदमध्ये डब्लिनच्या जॉन बाथ नावाच्या माणसाशी इतिहासकार फिलिपची मारामारी जुंपली आणि त्या गडबडीत डोनाल मारला गेला. बेअरा आणि स्पेन यांची जुनी ओळख आता निर्वासितांच्या कामी आली: पुढची शंभर-दीडशे वर्षं सुलिव्हान तरुण स्पेन आणि फ्रान्सच्या फौजांत भरती होत राहिले. १७४५ साली ब्रिटनच्या गादीवर आपल्या घराण्याचा हक्क सांगणाऱ्या 'बॉनी प्रिन्स चार्ली'ने स्कॉटलंडमध्ये उठाव केला, तेव्हा त्याच्यासोबत उतरलेल्या पहिल्या सात साथीदारांत केरीचा जॉन विल्यम ओ'सुलिव्हान होता.

सगळेच वैरी झाले नाहीत, हेही इथे सांगायला हवं. आयर्लंडमध्येच जन्मलेला लॉरेन्स सुलिव्हान १७४० च्या दशकात मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. मुंबईच्या कौन्सिलपर्यंत चढला, १७५३ मध्ये इंग्लंडला परतला आणि १७५८ साली कंपनीचा अध्यक्ष झाला. रॉबर्ट क्लाइव्हशी त्याचं हाडवैर लंडनच्या राजकारणात बरीच वर्षं गाजलं.

जमीन कोणाच्या हाती गेली

सरदार गेले. कुळं मात्र जागेवरच राहिली, फक्त मालक बदलला. सतराव्या शतकाच्या मध्यात इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या स्वारीनंतर आयर्लंडमधल्या कॅथलिकांच्या जमिनी जप्त झाल्या. त्या वाटण्यासाठी देशभर मोजणी झाली. मोजणी करणारा होता विल्यम पेटी, हुशार डॉक्टर आणि अर्थशास्त्री. केरीतला प्रचंड मुलूख त्याच्याच पदरात पडला, त्यात ओ'सुलिव्हान मोरच्या जुन्या जमिनीही. पेटीच्या वारसांना पुढे लॅन्सडाउन हा किताब मिळाला.

बेअरात डनबॉयच्या परिसरात पक्सली घराणं येऊन बसलं. त्यांतल्या जॉन पक्सलीकडे चोरटी आयात पकडण्याचं सरकारी काम होतं, आणि मोर्टी ओग ओ'सुलिव्हान हा त्या धंद्यातला मोठा असामी. फ्रान्सहून ब्रँडी आणायचा, परतताना फ्रेंच फौजेसाठी तरुण न्यायचा. १७५४ साली मोर्टीने पक्सलीला गोळी घातली. दोन महिन्यांत सैन्य आयरीजला आलं, घराला आग लावली, मोर्टी बाहेर पडताच त्याला मारलं आणि त्याचं प्रेत गलबतामागे बांधून समुद्रातून कॉर्कपर्यंत ओढत नेलं. मोर्टीवरचा शोक आयरिश भाषेतल्या काव्यात उतरला. पक्सली घराणं मात्र तिथेच टिकलं आणि पुढे त्याच भागात सुलिव्हानांच्या पोटापाण्याचं मालक झालं. त्याकडे वळायच्या आधी दुष्काळाबद्दल सांगायला हवं.

केनमेअर ते न्यूयॉर्क

१८४५ साली बटाट्यावर करपा पडला. केरी आणि पश्चिम कॉर्कमधलं गरीब कूळ वर्षातले बहुतेक महिने बटाट्यावरच जगत होतं. पुढच्या सात वर्षांत आयर्लंडमध्ये दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेने आणि तापाने गेली. दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. अ‍ॅन सुलिव्हानचे आईवडील लिमरिक भागातून निघाले ते याच हलाखीत.

केनमेअरच्या भोवतीची लॅन्सडाउन जहागीर म्हणजे उपासमारीचं केंद्र. १८४९-५० च्या हिवाळ्यात विल्यम स्टुअर्ट ट्रेंच हा नवा कारभारी तिथे आला. जहागिरीतली सुमारे तीन हजार माणसं अनाथालयवजा 'वर्कहाउस'मध्ये होती आणि त्यांचा खर्च करातून, म्हणजे शेवटी जमीनदाराकडून जायचा. ट्रेंचने हिशेब मांडला: एका माणसाला वर्षभर पोसायला पाच पौंड, म्हणजे वर्षाला पंधरा हजार. त्याऐवजी सगळ्यांना एकदाच अमेरिकेला पाठवलं तर तेरा-चौदा हजारांत भागतं. जमीनदाराने होकार दिला. १८५१ पासून आठवड्याला दोनशे माणसांप्रमाणे लोक कॉर्क बंदराकडे रवाना होऊ लागले. पाच वर्षांत चार हजारांवर गेले.

ट्रेंचने नंतर आपल्या आठवणींत ही फार मोठी कृपा म्हणून लिहिली. मला त्यातला आकडा विसरता येत नाही: माणसाला ठेवून घेण्यापेक्षा घालवून देणं स्वस्त पडतं, हे त्याने कागदावर सिद्ध केलं. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरताना या लोकांच्या अंगावर धड कपडे नव्हते, खिशात काही नव्हतं.

हा हिशेब मंजूर करणाऱ्या तिसऱ्या मार्क्विसचा नातू आपल्याला चांगला माहीत आहे. तोच लॉर्ड लॅन्सडाउन १८८८ ते १८९४ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. पुण्यात टिळक आणि सुधारक यांच्यात ज्यावरून रान पेटलं तो १८९१ चा संमतिवयाचा कायदा त्याच्या कारकिर्दीतला. गढवालमधली लॅन्सडाउन छावणी त्याच्याच नावाची.

न्यूयॉर्कमध्ये ही माणसं फाइव्ह पॉइंट्स या बदनाम वस्तीत दाटीवाटीने राहिली. एकाच गल्लीत केरीच्या एकाच परिसरातली घरं. सुलिव्हान, शी, हॅरिंग्टन ही नावं पुनःपुन्हा. पुरुष ओझी उचलायचे, बायका कपडे धुवायच्या, शिवायच्या, फळं विकायच्या. बाहेरच्या लोकांनी या वस्तीवर लिहिताना दारू आणि गुन्हेगारीपलीकडे फार काही पाहिलं नाही.

पण १८५० साली आयरिश स्थलांतरितांसाठी सुरू झालेल्या एमिग्रंट बँकेचे खातेबुक शिल्लक आहेत. बँकेपुढे एक व्यवहारी अडचण होती. खातेदारांपैकी कितीतरी जणांची नावं तंतोतंत सारखी, आणि अनेकांना सही येत नव्हती. पैसे काढायला आलेला तोच माणूस आहे हे ओळखायचं कसं? म्हणून कारकून खातं उघडतानाच प्रश्न विचारून उत्तरं लिहून ठेवायचा: जन्म कुठल्या पॅरिशमधला (म्हणजे कुठल्या चर्चच्या हद्दीतला), कोणत्या जहाजाने आलात, कुठल्या साली, आईबापांची नावं काय, ते हयात आहेत का, भावंडं कुठे असतात. फसवणूक टाळण्यासाठी केलेली ही नोंद आज त्या गरिबांच्या आयुष्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा ठरली आहे. तिच्यातून दिसतं, की ट्रेंचने धाडलेल्या लोकांतल्या कित्येकांनी थोड्याच वर्षांत शेकडो डॉलर साठवले होते. आळशी म्हणून हिणवलेल्या माणसांनी काढलेली ही शिल्लक आहे, आणि ती वाचताना ऊर भरून येतो.

तांब्यामागून ब्यूटला

बेअराच्या टोकाला अ‍ॅलिहीजमध्ये तांबं सापडलं आणि १८१२-१३ च्या सुमारास पक्सलींनी खाण सुरू केली. कॉर्नवॉलहून जाणते खाणकामगार आणले. त्यांना बरा पगार, बरी घरं. स्थानिकांना अंगमेहनतीची कामं. बायका आणि मुलं वर बसून हातोड्याने दगड फोडायची. मोर्टी ओगला ज्यांच्यापायी मरण आलं त्याच घराण्याच्या खाणीत त्याच्या आडनावाची पोरं दगड वेचत होती. पण या खाणीमुळे एक गोष्ट झाली: जमिनीखालचं काम त्या मुलखाच्या अंगवळणी पडलं.

१८८४ साली खाण बंद पडली. बेअराच्या लोकांनी न्यूयॉर्क-बॉस्टनची वाट धरली नाही असं नाही, पण मोठा ओघ गेला तो तांब्यामागून, आधी मिशिगनच्या उत्तर टोकाला आणि मग रॉकी पर्वतात, मोंटानातल्या ब्यूट शहरात. तिथे कॅव्हन काउंटीतून आलेला मार्कस डेली अ‍ॅनाकोंडा खाण चालवत होता आणि आयरिश माणसाला कामावर घ्यायला त्याची ना नसे. विजेच्या तारांसाठी जगाला तांबं हवं होतं. १९०० साली ब्यूटच्या लोकसंख्येत साधारण चौथा हिस्सा आयरिश होता. तेवढं प्रमाण बॉस्टनमध्येही नव्हतं. अमेरिकेत थांबू नका, सरळ ब्यूटला या, असं गावाकडे निरोपात सांगितलं जायचं म्हणतात. कोणीतरी पुढे जायचं, खाणीत लागायचं, मग भावाचं तिकीट काढायचं. भाऊ लागला की मेव्हण्याचं. आयरीज आणि अ‍ॅलिहीजच्या वाड्या अशाच ब्यूटच्या टेकडीवर वसल्या आणि शहराच्या जुन्या नाव-पत्त्यांच्या पुस्तकांत सुलिव्हानांची पानंच्या पानं भरली.

मजुरी चांगली होती, आयुष्य थोडं. दगडाची धूळ फुप्फुसात जाऊन माणसं चाळिशीतच खोकून मरायची. ८ जून १९१७ ला स्पेक्युलेटर खाणीत आग लागली, १६८ जण गेले. बेअराच्या कितीतरी घरांत अमेरिकेहून पैसे आले, माणूस परत आला नाही.

अमेरिकेत आणखी एका सुलिव्हान घराचं नाव सर्वतोमुखी झालं. आयोवातल्या वॉटर्लू गावचे पाच सख्खे भाऊ, जॉर्ज, फ्रँक, जो, मॅट आणि अल. एकत्र ठेवणार असाल तरच भरती होतो, असं त्यांनी आरमाराला सांगितलं होतं. नोव्हेंबर १९४२ मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटाजवळ 'जूनो' ही युद्धनौका बुडाली आणि पाचही गेले. त्यांचे पूर्वज दुष्काळात बेअरातल्या अ‍ॅड्रिगोलहून निघालेले. पुढे अमेरिकेने एका युद्धनौकेला 'द सुलिव्हान्स' हे नाव दिलं.

मूळ शोधायचं तर

जून १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दफ्तर जळालं आणि एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांचा मोठा भाग राख झाला. उरलं ते १९०१ आणि १९११ च्या जनगणनेत, १८६४ पासूनच्या सर्वांसाठीच्या जन्म-मृत्यू नोंदीत, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत आणि शतकाच्या मध्यावर झालेल्या ग्रिफिथच्या शेतसारा-मोजणीत. सुलिव्हान शोधताना नुसतं नाव निरुपयोगी असतं. बेअरातल्या एका पॅरिशमध्ये जॉन सुलिव्हान डझनाने सापडतात. म्हणून तिथल्या लोकांनी घराण्यांना टोपणनावं दिली: केस तांबडे असलेल्यांचे 'रुआ', फिकट सोनेरी केसांचे 'बान', किंवा बापाचं आणि आज्याचं नाव मागे जोडायचं. काही वेळा मोजणीच्या कागदावरही कंसात हे टोपणनाव दिसतं. ते आणि वाडीचं नाव हाती लागलं तरच पुढचं दार उघडतं. दुकानात मिळणारं मानचिन्ह यात काही मदत करत नाही.

आडनावातला 'ओ' सतराव्या शतकानंतर इंग्रजी कारकुनांच्या लेखणीखाली गळत गेला. पुढे लोकही तो लावेनासे झाले, कारण त्याचा सरकारदरबारी उपयोग नव्हता, झाला तर तोटाच. १८९३ मध्ये आयरिश भाषेसाठी झटणारी गेलिक लीग ही संस्था स्थापन झाली, भाषेचा अभिमान जागा झाला, नंतर स्वातंत्र्य आलं, आणि 'ओ' परत येऊ लागला. आयरिश जन्मनोंदींत हा बदल मोजता येतो: १८६६ मध्ये या आडनावाच्या शंभरातल्या चौघांनीच 'ओ' लावला होता, १८९० मध्ये तेरा जणांनी, १९१४ मध्ये वीस जणांनी आणि १९४४ मध्ये साठ जणांनी. बॉस्टन किंवा ब्यूटमधले बहुतेक जण आज नुसते सुलिव्हान आहेत, कारण त्यांची घरं 'ओ' परतण्याआधीच निघून गेली होती; बेअरात मागे राहिलेले त्यांचे चुलत भाऊ आता ओ'सुलिव्हान म्हणून सापडतात.